खुर्च्या आधी उचला

प्रश्न : आम्ही वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या बायकांनी गणपतीत बडोदा संस्थानचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यावर नाटुकलं केलं. मुलं मोबाइलमध्येच डोकं घालून! त्यांना गोडी कशी लावावी?

उत्तर : ताई, खुर्च्या आधी उचला. समोर बसवलं की मुलं पाहुणी होतात. त्यांना गोष्टीच्या आत घ्या. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ साली ते संस्थानभर लागू केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होई. एवढ्यावर तासाभराचा खेळ उभा राहतो.

एखादा जुना वाडा मिळवा. ओसरीवर हजेरीपट घेतलेले मास्तर, माजघरात निवडणं-टिपणं करणारी आजी, चौकात दंड वसूल करणारा कारकून. मुलांना पालक करायचं. पोरगी शाळेत धाडायची की दंड भरायचा, ते त्यांनीच ठरवायचं. संवाद पाठ करून घेऊ नका, हात जोडते!

आमच्या खेळात आजी मी होते. “ही शाळेत गेली तर धाकट्याला कोण सांभाळेल?” म्हटल्यावर आठ वर्षांचा एक मुलगा गुजरातीत कडाडला, “तमे संभाळो ने, बा!” म्हणजे, तुम्हीच सांभाळा ना, आजी! माझी वाचाच बसली. हशा पिकला, पण पुढे सगळी पोरं माझ्याशी भांडायला लागली. भाषेवरून तेव्हा टोकू नका. कारकुनाने मराठीत विचारलं की मराठी आपसूक येते.

एका वेळी बारा-पंधराच मुलं घ्या. मोबाइल कारकुनाकडे, दंडापोटी जमा.