वाचकांचे प्रश्न : जनरेटरवाली जुनी आय-थ्री

प्रश्न : २०१७ची बीएमडब्ल्यू आय-थ्री ही विजेवरची गाडी, रेंज एक्स्टेंडरवाली (म्हणजे बॅटरी संपत आली की पेट्रोलवर वीज बनवणारं छोटं इंजिन असलेली), घ्यायचं मनात आहे. रोज फ्रीमॉन्ट ते सॅन होजे, आणि वर्षातून दोन-तीनदा लॉस एंजेलिसला मुलीकडे. बॅटरी संपली तर पेट्रोल भरत जायचं, एवढं पुरेल ना?
– एक वाचक, फ्रीमॉन्ट

उत्तर : सपाटीवर पुरेल, चढावर नाही. मागच्या बाजूला बसवलेलं ६४७ सीसीचं इंजिन मुळात स्कूटरचं. ते चाकांना जोडलेलंच नाही. जनरेटर फिरवून फार तर २५ किलोवॅट वीज देतं. ताशी ७० मैलांवर गाडी सपाटीलाच २० किलोवॅटच्या आसपास खाते. लॉस एंजेलिसला जाणाऱ्या आय-फाइव्ह महामार्गावर ग्रेपव्हाइनच्या घाटात दहा-बारा मैलांत अडीचेक हजार फूट चढायचं असतं आणि माणसांसह १६०० किलो वजन तिथवर न्यायला साडेतीन युनिट जादा लागतात. अमेरिकेतल्या गाड्यांत इंजिन सुरू होतं ते चार्ज ६.५ टक्क्यांवर आल्यावर. म्हणजे हाताशी शिल्लक दोन युनिटसुद्धा नाही. मग अर्ध्या चढावर गाडीचा दम जातो आणि ट्रकांच्या लेनमध्ये रांगावं लागतं.

युरोपातल्या गाड्यांत चार्ज ७५ टक्क्यांखाली आला की इंजिन हातानं सुरू करून तो तिथेच राखायची सोय मेनूत असते. इथे कॅलिफोर्नियाच्या नियमांपायी ती लपवलेली आहे. ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) आणि गाडीच्या सेटिंग बदलणारं फोनवरचं कोडिंग अॅप वापरून ती उघडता येते. उघडलीत तर पायथ्याच्या बऱ्याच आधी, ५०-६० टक्के असतानाच इंजिन लावा. कोडिंगच्या भानगडीत पडायचं नसेल तर चढाआधी फास्ट चार्जरवर थांबा आणि चढावर ताशी ५५ मैलांच्या पुढे जाऊ नका. फास्ट चार्जरसाठी गाडीला सीसीएस सॉकेट (फास्ट चार्जिंगची जोडणी) आहे ना, ते झाकण उघडून डोळ्यांनी बघून घ्या.

टाकी जेमतेम २.४ गॅलनची, त्यामुळे दर ६०-७० मैलांवर पंप आलाच. टाकीत दाब असतो: आधी दाराजवळचं बटण दाबा, पडद्यावर भरायला हरकत नसल्याचा संदेश येऊ द्या, मगच झाकण काढा. घाईत ओढाओढ केली तर काही उपयोग नाही.

घेण्याआधी एसी पूर्ण ताकदीवर चालवून कॉम्प्रेसरचा आवाज नीट ऐका. तो आतून फुटला की धातूचा कीस सगळ्या पाइपांत पसरतो, आणि बॅटरी थंड करायलाही एसीचाच गॅस फिरत असल्यामुळे दुरुस्तीचा आकडा काही हजार डॉलरांत जातो. घसरलेला भाव पाहून भुलू नका. खरा धोका या कॉम्प्रेसरमध्ये आहे. शिवाय इंधनटाकीची वाफनळी घासण्याबद्दल रिकॉल (कंपनीनं गाड्या परत बोलावून करायची दुरुस्ती) निघाला होता. ते काम झालंय का, हे व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून एनएचटीएसए या अमेरिकी रस्तासुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर कळतं.

प्रश्न : आमच्या आय-थ्रीची बॅटरी भरलेली असतानाही इंजिन मध्येच आपोआप सुरू झालं. बिघाड आहे का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही. दोनेक महिने इंजिन चाललंच नाही, तर तेल फिरावं म्हणून गाडी ते स्वतःच काही मिनिटं चालवते. चालू द्या. मात्र त्याच वेळी पडद्यावर एकमेकांशी संबंध नसलेल्या चुकांची रांग लागत असेल, तर पुढच्या डिकीतली १२ व्होल्टची छोटी बॅटरी आधी तपासून घ्या. ती मरायला टेकली की असंच होतं.