अमेरिकेत आर्ट कॉलेजची मेरिट स्कॉलरशिप : अकरावीतल्या मुलीच्या आईला उत्तर

तुमची मुलगी एडिसनला अकरावीत आहे, तिला फाइन आर्टच करायचं आहे आणि खासगी आर्ट कॉलेजांची फी बघून घरात सगळ्यांच्या पोटात गोळा आलाय. ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही. नुसत्या कलेच्या जोरावर पैसे मिळतात का आणि अर्ज कुठे करायचा, असं तुम्ही विचारलंय. मी न्यू जर्सीतच एका पब्लिक हायस्कूलमध्ये आर्ट शिकवते आणि दर वर्षी बारावीच्या मुलांचे पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचे संच, लावून देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैसे मिळतात. पण बहुतेक ठिकाणी त्यासाठी वेगळा अर्ज नसतो. प्रवेशासाठी पाठवलेला पोर्टफोलिओ आणि शाळेतले मार्क बघूनच समिती स्कॉलरशिपचा आकडा ठरवते आणि तो प्रवेशाच्या पत्रासोबत येतो. ब्रुकलिनचं प्रॅट, शिकागोचं स्कूल ऑफ द आर्ट इन्स्टिट्यूट, बाल्टिमोरचं मेरिलँड इन्स्टिट्यूट कॉलेज ऑफ आर्ट ही सगळी साधारण याच वाटेने जातात. त्यामुळे इंटरनेटवर 'स्कॉलरशिप' शोधत रात्री घालवू नका. तो सगळा वेळ मुलीच्या कामाला द्या.

सगळीकडे मात्र असं नाही. येल, ब्राउनसारखी आयव्ही लीग विद्यापीठं गुणवत्तेवर स्कॉलरशिप देतच नाहीत, तिथली मदत फक्त कुटुंबाच्या गरजेवर ठरते. न्यू यॉर्कच्या कूपर युनियनची गोष्ट आणखी वेगळी. १८५९ साली सुरू झालेली ही संस्था कित्येक पिढ्या पूर्ण मोफत शिकवत होती. २०१४ पासून फी आली, पण प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाला निदान अर्धी फी माफ असते. म्हणजे तिथे प्रवेश हीच स्कॉलरशिप, आणि म्हणूनच तो मिळवणं अतिशय अवघड.

आता ग्रीन कार्डचा प्रश्न. एच-४ वर, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसाशी जोडलेल्या व्हिसावर असलेल्या मुलांना फाफसा हा सरकारी अर्ज भरून मिळणारी केंद्र सरकारची मदत मिळत नाही. मेरिट स्कॉलरशिप मात्र कॉलेज स्वतःच्या पैशातून देतं आणि बरीच खासगी कॉलेजं ती व्हिसा न बघता देतात. सरसकट सगळीच देतात असं धरू नका. प्रत्येक कॉलेजला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो आणि एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, तेव्हा स्कॉलरशिप तशीच चालू राहील का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

पोर्टफोलिओबद्दल जास्त लिहिते, कारण आपल्याकडची हुशार मुलं इथेच मागे पडतात. आपल्या वस्तीतल्या ड्रॉइंग क्लासमधून येणाऱ्या मुलांचा हात उत्तम असतो. शेडिंग सफाईदार, रेघ पक्की. पण काम बघावं तर फोटोवरून केलेली नटनट्यांची पोर्ट्रेट, बाप्पाची चित्रं, वारलीच्या नकला आणि अलीकडे ॲनिमे. समितीसमोर अशी हजारो कामं येतात. फोटोवरून उतरवलेलं चित्र त्यांना लगेच ओळखू येतं, कारण वस्तूभोवती फिरून बघणारा डोळा त्यात नसतो. त्यांना प्रत्यक्ष बघून काढलेलं काम हवं असतं, आणि या मुलीच्या डोक्यात काय चाललंय ते दिसायला हवं असतं.

तुम्ही एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील तर स्थिरचित्रणाचा पेपर आठवत असेल. समोर मांडलेला तांब्या, फळं, मागचा पडदा आणि ठरलेला वेळ. ती सवय इथे सोन्यासारखी उपयोगी पडते. फक्त विषय तिचा स्वतःचा हवा. माझी एक विद्यार्थिनी घरातल्या स्टीलच्या डब्यांची मांडणी महिनोन् महिने काढत राहिली. आधी पेन्सिल, मग चारकोल, मग तैलरंग. डब्यांच्या गोलाव्यात स्वयंपाकघर वाकडंतिकडं होऊन दिसायचं, ओट्याशी उभी आजी ताणली जायची. पुढे तिने डबे सोडून नुसती ती प्रतिबिंबंच मोठी केली. समितीला हा प्रवास दिसला. वारली काढणं वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, पण ती आपल्या पोर्टफोलिओत का आहे याचं स्वतःचं उत्तर मुलीकडे हवं.

बहुतेक कॉलेजं १० ते २० कामं मागतात. बारा चांगली आणि तीन बरी असतील तर बाराच पाठवा. ती तीन बाकीच्यांनाही खाली ओढतात. स्केचबुकची पानं मागितली असतील तर खोडलेली, अर्धवट पानंही द्या. फोटो दिवसाच्या सारख्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढा, कडेला जमीन किंवा बोटं दिसू देऊ नका. फोटोच खराब असेल तर मूळ काम कसंही असो, समितीला ते खराबच दिसणार.

येत्या शरद ऋतूत नॅशनल पोर्टफोलिओ डेला तिला नक्की घेऊन जा. वेगवेगळ्या शहरांत तो भरतो, अनेक आर्ट कॉलेजांचे प्रतिनिधी एका छताखाली बसतात आणि काम बघून तोंडावर मत सांगतात. प्रवेशशुल्क नसतं, रांगा मात्र लांबलचक असतात. तिथे आपण मागे उभं राहायचं आणि बोलायचं तिने. एकदा रडूही येईल, येऊ द्या. जे सांगितलं त्यावर काम करायला हातात काही आठवडे असतात, आणि त्या आठवड्यांत मुलांचं काम फार बदलतं.

स्पर्धांपैकी दोन लक्षात ठेवा. स्कोलॅस्टिक आर्ट अँड रायटिंग अवॉर्ड्स १९२३ पासून चालू आहेत, सातवी ते बारावीच्या मुलांसाठी. गोल्ड की, म्हणजे त्यातलं विभागीय पातळीवरचं सर्वोच्च बक्षीस, मिळाली तर अर्जात तिला वजन असतं. दुसरं यंगआर्ट्स, तरुण कलाकारांची राष्ट्रीय स्पर्धा. प्रेसिडेन्शियल स्कॉलर इन द आर्ट्स या सन्मानासाठी नाव तिथूनच जातं. मात्र यंगआर्ट्सच्या पात्रतेत इमिग्रेशनची अट आहे, तुमच्या बाबतीत ती आधी वाचा आणि मगच मेहनत घाला.

आता आकड्यांकडे. पत्रात 'वर्षाला २५,००० डॉलर' असं दिसलं की घरात पेढे वाटले जातात. जरा थांबा. समजा फी ५५,००० आहे, तर अजून ३०,००० उरले, शिवाय राहणं, जेवण, आणि साहित्य. कॅनव्हास, रंग, छपाई यांचा खर्च आर्टमध्ये चांगलाच होतो. दुसरीकडे एखाद्या सरकारी विद्यापीठाने फक्त ६,००० दिले आणि तरीही तुमच्या खिशातून कमीच गेले, असं सहज घडतं. म्हणून रटगर्सचं मेसन ग्रोस, फिलाडेल्फियात टेंपलचं टायलर, रिचमंडचं व्हीसीयू (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटी) ही नावं यादीत ठेवाच. मेसन ग्रोस तर तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. न्यू जर्सीचे रहिवासी म्हणून कमी फी लागेल का, हे तुमच्या व्हिसावर विचारून घ्या.

दरवर्षीची अटही वाचा. ठरावीक जीपीए (गुणांची सरासरी) टिकवावा लागतो, पूर्णवेळ शिकावं लागतं. रक्कम बहुधा चार वर्षं तेवढीच राहते आणि फी दरवर्षी वाढते, हा फरक पहिल्याच दिवशी कागदावर मांडा.

आणि कॉलेजची आर्थिक तब्येत बघा, हे मी कळकळीने सांगते. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने २०२४ च्या मेअखेरीस बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि आठवड्याभरात ते बंद झालंही. प्रवेश घेतलेली मुलं उघड्यावर पडली. १८७१ चं सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटही २०२२ मध्ये गेलं. फार मोठी सवलत कधी तुमच्या मुलीच्या गुणांची असते, कधी रिकाम्या जागांची. विद्यार्थीसंख्या दरवर्षी घटतेय का, विभाग बंद होतायत का, हे सरळ विचारा.

आकडा कमी वाटला तर पुन्हा विचार करण्याची विनंती करता येते. आपल्या लोकांना याचा संकोच वाटतो, पण इथे ते रीतसर चालतं. मुलीने स्वतः नम्र पत्र लिहावं, दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडावं, अर्जानंतर केलेली दोन-तीन नवी कामं पाठवावीत. हे सगळं १ मेच्या बरंच आधी, कारण बऱ्याच कॉलेजांत तोपर्यंत डिपॉझिट भरावं लागतं. नाही म्हणाले तरी दिलेलं काढून घेत नाहीत.

उन्हाळ्यातले महागडे प्री-कॉलेज कोर्स परवडत असतील तर करा, प्रवेशासाठी ते लागत नाहीत. ते पैसे वाचवून गावातल्या एखाद्या आर्ट सेंटरमध्ये लाइफ ड्रॉइंगला, म्हणजे समोरच्या मॉडेलला बघून चित्र काढायला पाठवा. मॉडेल बहुधा विवस्त्र असतं, म्हणून अठरा वर्षांखालच्या मुलांना घेतात का ते आधी विचारा.

ती मुख्यतः कशात काम करते, चित्र, शिल्प, छपाई की ॲनिमेशन, ते इथे लिहा. त्यावरून कॉलेजांची यादी बरीच बदलेल, मी नावं सुचवेन.