कॅमेरा घ्यायचाच, पण आत्ता नाही

प्रश्न : मुलगा यंदा बारावी कॉमर्स झाला. त्याला फोटोग्राफर व्हायचंय आणि पाऊण लाखाचा कॅमेरा हप्त्यावर हवाय. त्याचे बाबा म्हणतात, फोनला 50 मेगापिक्सेल आहेत, कॅमेऱ्याला 24च, मग पैसे कशाला घालवायचे? घरात रोज वाद होतो. – एक आई, कराड

उत्तर : ताई, नमस्कार.

आधी मेगापिक्सेलचं, म्हणजे फोटो किती लाख ठिपक्यांचा (पिक्सेलचा) बनतो त्याचं, बघू, कारण बाबांचा सगळा हिशोब त्या आकड्यावर उभा आहे. फोटो ठरतो तो उजेड झेलणाऱ्या सेन्सरवर. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्याचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा असतो, सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचा साधारण 23 बाय 15चा आणि फोनचा करंगळीच्या नखाएवढा किंवा त्याहूनही लहान. तेवढ्याशा जागेत 50 मेगापिक्सेल बसवले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड थोडाच येतो. म्हणून असे फोन बहुतेक वेळा चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. भर उन्हात, अंगणात काढलेल्या फोटोत हा फरक कळणारही नाही. तिथपर्यंत बाबांचं बरोबर आहे.

पण तुमच्या मुलाला पैसे मिळणार ते लग्नाच्या हॉलमध्ये. भाचीच्या लग्नात मी फोटोग्राफरच्या शेजारीच उभी होते. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या. माझ्या फोनमध्ये तिचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत आला आणि अक्षतांच्या नुसत्या पांढऱ्या रेघा. त्याच्या फोटोत एक अक्षत तिच्या भुवईवर टेकलेली होती आणि डोळ्यांत आलेलं पाणीसुद्धा स्पष्ट दिसत होतं. क्षणभरच उघडणारं वेगवान शटर, छताकडे वळवलेला फ्लॅश आणि भरपूर उजेड आत घेणारी लेन्स, हे तिन्ही जुळल्याशिवाय तो फोटो मिळत नाही. ज्याला या कामाचे पैसे घ्यायचेत त्याला कॅमेरा लागणारच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरीही हप्त्यावर घेऊ नका. हप्ता दर महिन्याला येतो, मुहूर्त येत नाहीत. चातुर्मासात लग्नं जवळजवळ थांबतात, ती थेट तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. नवख्या मुलाने ते महिने कसे काढायचे?

कॅमेरा घेईपर्यंत शिकण्यापुरता फोन पुष्कळ झाला. त्यात प्रो मोड असेल तर शटरचा वेग आणि आयएसओ (उजेडाला फोटो किती संवेदनशील ते) हाताने ठरवायला लावा, नसेल तर तशी सोय देणारं अ‍ॅप घ्या. संध्याकाळी निरांजनाच्या उजेडात घरातल्या एखाद्याचे हात टिपू दे. फोटो कुठे हलतो, कुठे दाणेदार होतो, हे त्याचं त्याला कळेल. महिन्याला 200 फोटो काढून त्यातले 10च ठेवायचे आणि ते का ठेवले हे तुम्हाला सांगायचं. ही निवड करणं मला कॅमेऱ्यापेक्षा अवघड वाटतं.

सोबत गावातल्या चांगल्या फोटोग्राफरकडे एक सीझन मदतनीस म्हणून राहू दे. लाइट धरणं, मेमरी कार्ड रिकामी करणं, नवरीच्या आईशी बोलणं, सगळं तिथेच शिकता येतं. हातात कॅमेराही पडेल. नंतर एक-दोन कामांना भाड्याने आणून बघावा. एवढं करूनही ओढ टिकली तर घ्या, आणि तेव्हा सगळे पैसे बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर, घालू नका. जुनी पण नीट तपासून घेतलेली बॉडी, भरपूर उजेड घेणारी 50 मिलिमीटरची एफ 1.8 लेन्स आणि एक फ्लॅश, एवढ्यावर सुरुवात होते. बॉडी बदलली तरी त्याच माउंटची (लेन्स बसवायच्या जोडाची) असेल तर लेन्स कामी येते.

दुकानांसाठी रील करणं किंवा मिठाई-साड्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकून देणं, हे काम आवडत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे चांगला फोन, एक ट्रायपॉड आणि खिडकीचा उजेड यावर बरंच भागतं. म्हणून कोणतं काम करायचंय हे त्याला आधी विचारा. पदवीची इच्छा असेल तर मुंबईच्या सर जे. जे. मध्ये उपयोजित कलेच्या, म्हणजे जाहिरात-डिझाइनच्या, पदवीत फोटोग्राफी शिकता येते. बारावीनंतर तिथे प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि चित्रकलेचा सराव आधीपासून हवा.

पहिल्या महिन्याचे ते 10 फोटो मोबाइलवर बघू नका. कराडातच प्रिंट काढून घ्या आणि रात्री जेवणानंतर बाबांच्या हातात द्या.