मिठाच्या पाण्यात तासभर: वाचकांचे प्रश्न

पुण्या-बंगळूरच्या काही स्पांत हल्ली ‘फ्लोटेशन’ मिळतं. अंधारी, आवाज न येणारी टाकी, त्यात वीत-सव्वा वीत दाट खारं पाणी आणि त्यावर तासभर उताणं पडून राहायचं. आपल्याकडची मुलं नोकरीला तिकडे असतात. वाढदिवसाला आई-बाबांसाठी ती याचं कूपन काढतात आणि मग आई-बाबा मला प्रश्न पाठवतात.

मी तीस वर्षं पॉवरलूमवर उभा आहे. कंबर पार गेली. मुलगा पुण्यात पाच वेळचं कूपन काढतो म्हणतोय. कंबर बरी होते काय? — एक विणकर, वडगाव

बरी होणार नाही. हलकी वाटेल, तीही काही तास, फार तर दोन-चार दिवस. जर्मनीत जुनाट दुखण्याच्या 99 रुग्णांवर झालेली एक चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना खरी टाकी दिली, काहींना मुद्दाम कमजोर केलेली नकली टाकी, आणि काहींना नुसतं थांबवून ठेवलं. टाकीतून बाहेर आल्यावर दुखणं कमी वाटलं खरं, पण नकली टाकीवाल्यांनाही तितकंच वाटलं. काही महिन्यांनी पाहिलं तर टिकाऊ फायदा दिसला नाही.

मग हलकं का वाटतं? एरवी झोपल्यावरसुद्धा पाठीचे स्नायू गादीशी थोडंफार भांडत असतात. इथे पाणीच सगळं अंग उचलून धरतं. आणि दिवसभर मागाची खटखट ऐकणाऱ्या माणसाला तासभर कुणी हाक मारत नाही, हेही काही कमी नाही.

तुमच्यासाठी एक सूचना मात्र आहे. वर्षानुवर्षं मागाच्या आवाजात काम केलेल्यांच्या कानात बारीक शीळ घुमत असते. बाहेरच्या गलक्यात ती जाणवत नाही, टाकीतल्या शांततेत मात्र तीच तेवढी ऐकू येते. घाबरू नका, पण नंतर कान तपासून घ्या. कंबरेसाठी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिका आणि मागाजवळ एक पाय टेकवायला वीतभर उंचीचा ठोकळा ठेवा. मुलाला सांगा, पाच नको, एकदाच घे.

मला पोहता येत नाही. बंद पेटीत झोप लागली आणि पाण्यात पालथी झाले तर? — शिक्षिका, खानापूर तालुका

पालथं होणं सोपं नाही. टाकीत चारशे-पाचशे किलो एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवलेलं असतं. त्यामुळे पाण्याची घनता साध्या पाण्याच्या सव्वापट होते. तुम्ही वर्गात मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवून दाखवता ना, तसंच हे. मलप्रभेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला मी, तरी पहिली दहा मिनिटं डोकं बुडेल म्हणून मान ताठ धरून पडलो होतो. मान सोडली तेव्हा कळलं की पाणीच उशी होतं. पाणी 34-35 अंशांवर, म्हणजे त्वचेच्याच तापमानाला ठेवतात. थोड्या वेळाने पाणी कुठे संपलं आणि हात कुठे सुरू झाला, ते कळेनासं होतं. आपलीच छाती धडधडताना ऐकू येते.

दाराला कडी नसते, दिव्याचं बटण हाताशी असतं. कोंडल्यासारखं होत असेल तर बंद पेटी न घेता उघडी टाकी किंवा खोलीएवढी टाकी मागा. त्या सकाळी दाढी किंवा वॅक्सिंग करू नका. माझ्या हनुवटीवरच्या ओरखड्याने पूर्ण तास वसूल केला.

ऊस पिवळा पडला की आम्ही कृषी सेवा केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेट आणतो. तेच घरच्या हौदात घालून चालतंय काय? — शेतकरी, अथणी

हुशारी आवडली! नाव एकच असलं तरी खताचा माल माणसाच्या कातडीसाठी साफ केलेला नसतो, म्हणून नको. शिवाय हौद भरायला पाचशे किलो ओतायचे, पाणी तेवढंच गरम ठेवायचं आणि ते पाणी पुढे मळ्यात सोडायचं, हे कुठल्या हिशोबात बसवणार?

मॅग्नेशियम कातडीतून अंगात मुरतं, असं स्पावाले ठासून सांगतात. त्याला पटण्याजोगा पुरावा नाही. मीठ तरंगवतं, त्याचं काम तेवढंच. पाय शेकायचेच असतील तर कोमट पाणी पुरे. मधुमेह असेल तर पाणी पायाने तपासू नका, पायाला चटका कळत नाही. कोपर बुडवून बघा.

बँकेत काम करते. रात्री दोन-दोनपर्यंत डोळा लागत नाही, जीव धास्तावतो. जाऊ काय नको? — अनगोळ

जा. या यादीत मी बिनदिक्कत ‘जा’ म्हणेन असा प्रश्न तुमचाच. 1954 मध्ये जॉन लिली या अमेरिकी डॉक्टरने पहिली टाकी केली, ती बाहेरचं सगळं बंद केल्यावर मेंदू काय करतो हे पाहायला. बरेच जण म्हणत की तो झोपी जाईल, पण लिली जागेच राहिले. पुढे 2018 मध्ये अमेरिकेतल्याच टल्सा इथे चिंतेचा त्रास असलेल्या 50 जणांना एकेक तास तरंगवलं, आणि त्या वेळची धास्ती बरीच उतरली. टाकीऐवजी दुसरं काही दिलेला रुग्णांचा गट मात्र तुलनेला नव्हता, म्हणून याला औषध म्हणू नये. धास्ती महिनाभर टिकली असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, टाकी नंतर. आणि टाकीतून बाहेर आल्याआल्या मोबाइल उघडलात तर पैसे पाण्यात.

एकाच पाण्यात सगळे? शी! — गृहिणी, निपाणी

शंका रास्त आहे. एवढ्या मिठात बरेच जंतू तग धरत नाहीत, पण सगळेच मरतात असं नाही. दोन ग्राहकांच्या मध्ये पाणी गाळणीतून किती वेळा फिरवता आणि निर्जंतुक कशाने करता, हे काउंटरवर विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा. टाकीत उतरण्याआधी साबणाने आंघोळ करायला सांगतात, ती सगळ्यांच्या भल्यासाठी.

थोडक्यात बाकीच्यांना: फिट येणाऱ्यांनी, उघडी जखम किंवा कानातून पाणी येत असणाऱ्यांनी जाऊ नये. गरोदरपणात आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून जा. बाहेर पडताना एकदम उठू नका, चक्कर येते. केस नीट धुवा, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत डोक्यावर पांढरी खपली धरते.