निम्म्या ओळी गेल्या कुठे?

प्रश्न : मी चोपड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर बसतो. दसऱ्यापासूनच्या कापसाच्या आवकेची एक्सेल शीट आहे : तारीख, शेतकरी, गाव, तालुका, क्विंटल, भाव. नोंदी ११,४१२. मालकांना फक्त चोपडा तालुक्याच्या हव्या होत्या. शिरपूर, यावल, अमळनेर काढून टाकायला इकडून तिकडून बघून मॅक्रो (एक्सेलकडून काम आपोआप करून घेणारा छोटा प्रोग्राम) लिहिला : तालुक्याच्या रकान्यात ‘चोपडा’ नसेल तर ओळ उडव. चालवला तर ५,७०६ ओळी उरल्या, त्यात यावलही होतं आणि चोपडाही. वाटलं अर्धवट झालं असेल, म्हणून परत चालवला. २,८५३! कंट्रोल-झेडने काही परत येत नाही. घाईत सेव्हही करून बसलो. मालकांच्या व्हॉट्सॲपवर आठ दिवसांपूर्वीची फाइल आहे, तेवढंच नशीब. आते काय करानं ताई?

उत्तर : भाऊ, आकडे लिहिलेत ते फार बरं केलंत. नुसतं ‘मॅक्रो बिघडला’ एवढंच कळवलं असतं तर मी इथे अमळनेरात बसून आंधळी कोशिंबीर खेळले असते. ११,४१२ चे बरोब्बर निम्मे ५,७०६ आणि त्याचे निम्मे २,८५३. एवढ्यावरून कळतं की तुमच्या मॅक्रोत एक नाही, दोन चुका आहेत.

पहिली चूक बहुतेक सगळ्यांची होते. तुम्ही वरून खाली गेलात. दुसरी ओळ उडवली की तिसरी वर सरकून दुसरी होते. मॅक्रो मात्र पुढे तिसरीवर गेलेला असतो, त्यामुळे वर सरकलेली तपासायची राहूनच जाते. म्हणून अशा वेळी शेवटच्या ओळीपासून वर यायचं : मॅक्रोत कुठून कुठपर्यंत जायचं ते सांगणाऱ्या ‘फॉर’च्या ओळीत आधी शेवटचा क्रमांक, मग २, आणि पुढे ‘स्टेप मायनस १’. खालची ओळ गेली तरी वरच्यांचे क्रमांक हलत नाहीत.

पण एवढीच चूक असती तर चोपड्याच्या ओळींना धक्का लागला नसता, आणि उरलेला आकडा असा काटेकोर निम्मा आला नसता. निम्मा येतो तो मॅक्रोला प्रत्येक ओळ उडवण्यासारखी वाटली तरच. म्हणजे त्याला ‘चोपडा’ कुठेच सापडला नाही. ऑल्ट आणि एफ-११ दाबा आणि ती ओळ पुन्हा बघा. ‘चोपडा’च्या जागी पाच प्रश्नचिन्हं दिसतील. मॅक्रो लिहायची ती खिडकी जुन्या काळची आहे. शीटमध्ये देवनागरी सुरेख चालते, पण त्या खिडकीत ती टिकत नाही, प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह होतं. तुमचा हुकूम झाला असा : ज्या तालुक्याचं नाव ‘?????’ नाही ती ओळ काढ. या नावाचा तालुका खानदेशात कुठला असायला!

(हीच पाच प्रश्नचिन्हं फिल्टरच्या, म्हणजे हव्या तेवढ्याच ओळी दाखवणाऱ्या सोयीच्या, मॅक्रोत घातली असती तर निराळाच घोळ. फिल्टर प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘कुठलंही एक चिन्ह’ असा घेतो. संगणकाच्या मोजणीत च, ओकार, प, ड, काना असा चोपडा पाच चिन्हांचा, रावेरही पाचाचा. दोघे राहिले असते आणि चार चिन्हांचा यावल गेला असता.)

उपाय साधा आहे. मॅक्रोत ‘चोपडा’ लिहूच नका. वेगळी शीट घ्या, तिच्या पहिल्या चौकटीत ‘चोपडा’ टाइप करा आणि मॅक्रोला ती चौकट वाचायला सांगा. त्या शीटचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवा, नाहीतर तिथेही प्रश्नचिन्हंच. उद्या यावल हवा झाला तर फक्त चौकट बदलायची. आणि उडवायला लागण्याआधी जुळणाऱ्या ओळी मोजायला लावा; शून्य आल्या तर मॅक्रोने तिथेच थांबायचं. हे आधी असतं तर तुमची एक ओळही गेली नसती. ओळ क्रमांकासाठी मॅक्रोत ‘इंटिजर’ हा आकड्याचा प्रकार घेतला असेल तर ‘लाँग’ करा, कारण इंटिजर ३२,७६७ च्या पुढे जात नाही आणि कापसाचा हंगाम अजून संपलेला नाही.

आता माझी फजिती. जळगावच्या एका डाळमिलच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं हिशेब सांभाळले. एकदा ‘जळगाव’ नसलेल्या सगळ्या ओळी मी उडवल्या, मॅक्रो अगदी बिनचूक. संध्याकाळी तुरीची आवक भलतीच कमी भरली. दुपारपाळीचा मुलगा ‘जळगांव’ लिहायचा, अनुस्वार देऊन. आपल्याला ते एकच गाव, संगणकाला दोन. शिवाय कुणी ‘चोपडा’च्या मागे स्पेस सोडतो, कुणी ‘ता. चोपडा’ लिहितो. स्पेस मॅक्रोतल्या ‘ट्रिम’ने जाते, बाकीचं डोळ्यांनीच शोधून सारखं करावं लागतं.

तेव्हापासून मी शक्यतो ओळी उडवतच नाही. तालुक्याच्या रकान्याला फिल्टर लावायचा, चोपडा निवडायचा, दिसतंय ते कॉपी करून नव्या फाइलीत पेस्ट करायचं. फिल्टर लावलेला असताना कॉपीत फक्त दिसणाऱ्या ओळीच येतात. मूळ शीट जागच्या जागी. मालक आठवड्याला हीच यादी मागत असतील तर मॅक्रोचा खटाटोप करा, एरवी गरज नाही. केलात तर फाइलची प्रत काढून प्रतीवरच चालवा, कारण मॅक्रो चालला की कंट्रोल-झेडची आधीची आठवण पुसली जाते.

गेलेल्या नोंदींसाठी व्हॉट्सॲपवरची फाइल उतरवून घ्या आणि नंतरच्या आठ दिवसांच्या नोंदी काटापट्ट्यांवरून भरा. भरण्याआधी तालुक्याच्या रकान्याला ‘डेटा व्हॅलिडेशन’मधून यादी लावून ठेवा, म्हणजे काट्यावर कुणीही बसलं तरी नाव टाइप न करता निवडेल. यादीत चोपडा एकदाच लिहा, मागे स्पेस न सोडता.