बर्फाळ देशात शिकवायला गेल्यावर पहिला हिवाळा आणि घरची आठवण, दोन्ही कसं निभवायचं?

तुमचा प्रश्न असा, की शाळेत नोकरी पक्की झाली आहे, तिथे पारा उणे 15 पर्यंत उतरतो आणि इतके महिने घरापासून लांब राहायची सवय नाही, तर तयारी काय करावी. माझं मत आधीच सांगतो. हिवाळ्यात घरची आठवण, अंधार आणि अपुरी झोप यांची अशी सरमिसळ होते की नेमकं काय छळतंय ते कळत नाही. आठवणीवर औषध नाही, बाकीच्या दोन्हींवर आहे. म्हणून सुरुवात तिथून करा.

वर्गात उजेड साधारण 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. बाहेर ढगाळ दुपारीसुद्धा तो हजारांत असतो. तुम्ही मात्र अंधारात निघणार आणि अंधारातच परतणार. मधल्या सुट्टीत मैदानावर मुलांकडे लक्ष ठेवायची पाळी थंडीत सगळे टाळतात. ती मागून घ्या, दिवसाचा उजेड आयता मिळतो. तेही जमत नसेल तर 10,000 लक्सचा दिवा घ्या. उठल्यावर तासाभराच्या आत 20 ते 30 मिनिटं तो समोर, किंचित बाजूला ठेवायचा. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. अंतर दिव्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं तेवढंच ठेवा, लांब सरकवलात की उजेड झपाट्याने घटतो. संध्याकाळी लावलात तर झोप उडेल. डोळ्यांचा विकार किंवा बायपोलरचा (मन कधी अतिउत्साही, कधी खोल उदास होण्याचा आजार) त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि या दिव्याने ड जीवनसत्त्व मिळत नाही, कारण त्यातली अतिनील किरणं गाळलेली असतात. त्यासाठी रक्ततपासणी करून गोळीचं प्रमाण ठरवून घ्यावं.

कपड्यांबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. अंगालगत सुती नको, घाम धरून ठेवतं आणि गारठवतं. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, मध्ये फ्लीस (मऊ, उबदार सिंथेटिक कापड), वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. वर्ग गरम असतो आणि शिक्षक सतत उभा, त्यामुळे मधला थर पटकन काढता येणारा हवा. बूट अर्धा नंबर मोठे घ्या आणि जाड मोजा एकच घाला. दोन मोजे कोंबले की रक्तपुरवठा आवळला जातो आणि पाय उलट जास्त गार पडतात. शाळेत घालायचे बूट शाळेतच ठेवा. घसरायची भीती उणे 15 ला कमी, शून्याच्या आसपास जास्त, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. रस्ता नुसता ओला दिसला तरी सावध राहा. पावलं छोटी, हात खिशाबाहेर.

लहान वर्ग असेल तर वेळापत्रकात एक गोष्ट हमखास सुटते: मैदानावर जायच्या आधी मुलांचे कपडे चढवणं. वर्गभर मुलांना पंधरा मिनिटं सहज लागतात. क्रम ठरलेला असतो: आधी बर्फाची पँट, मग बूट, मग जाकीट, टोपी आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. हातमोजे आधी घातले की कुणालाच चेन लावता येत नाही आणि वीस जण तुमच्यासमोर गळा पुढे करून रांगेत उभे राहतात. पहिल्या बर्फाच्या दिवशी अपूर्णांकासारखं काही नवं शिकवायला घेऊ नका, सगळ्यांचं लक्ष खिडकीबाहेर असतं.

आवाज जपा. उणे 10 ची हवा आत येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 10 ते 15 टक्क्यांवर येते. घसा कोरडा पडतो, नाकातून रक्तही येतं. पाणी एकदम ढोसण्याऐवजी दर दहा मिनिटांनी घोट घ्या, खाकरणं टाळा, मुलांना गप्प करायला घंटी ठेवा. घरी ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) लावून आर्द्रता 30 ते 40 टक्के ठेवा. त्यापुढे गेलात तर खिडक्यांना पाणी सुटून बुरशी धरते.

आता घरचे फोन. आठवण येईल तेव्हा फोन करायची सवय लावू नका. ती बहुधा रात्री येते, आणि मग झोपही जाते. आठवड्यातले दोन दिवस आणि वेळ ठरवून टाका. "कसं चाललंय?" या प्रश्नावर दोन्हीकडचे लवकर गप्प होतात, त्यापेक्षा एकीकडे घरातलं काम करत बोलत राहावं. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, तेव्हा वेळ घरच्यांना आधीच कळवा. नाहीतर कुणीतरी फोनची वाट बघत बसतं.

बर्फामुळे शाळा बंद पडते तो दिवस मजेचा वाटतो, पण एकट्या राहणाऱ्या माणसाला तोच खायला उठतो. त्या दिवसासाठी एखादं काम आणि शेजारच्या एखाद्या सहकाऱ्याचा नंबर तयार ठेवा. सुट्टीचा निरोप कुठे आणि किती वाजता येतो, उशिरा सुरू होणाऱ्या शाळेचं वेळापत्रक काय, हे रुजू झाल्या आठवड्यातच विचारून घ्या.

खरा कठीण काळ डिसेंबर नव्हे, सुट्टी संपल्यानंतरचे जानेवारी-फेब्रुवारी. घरी एकदाच जाता येणार असेल आणि शाळा फेब्रुवारीत आठवडाभर सुट्टी देत असेल, तर मी तिकीट तेव्हाचं काढायला सांगेन. दोन आठवडे सलग मन उदास, झोप किंवा भूक बिघडलेली, आवडीचं काहीच करावंसं वाटत नाही असं झालं तर डॉक्टरकडे जा. जीव नकोसा वाटू लागला तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी तिथल्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. तो नंबर पोहोचल्याबरोबर फोनमध्ये भरून ठेवा.