टीव्हीवरच्या विनोदी बायकांचा कार्यक्रम: तुकडे नको, अख्खा प्रसंग दाखवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि वाटलं, ही तर आमच्याच मंडळाची गोष्ट. तुम्हाला महिला मंडळासाठी जुन्या मालिकांमधल्या विनोदी नायिकांवर दोन तासांचा कार्यक्रम करायचा आहे, तोही नागपुरात. समोर सत्तरीच्या काकू आणि पंचविशीच्या सुना. सभागृहाचं ऑफिस भलतीच पत्रं मागून राहिलं, आणि घरी चाचणी म्हणून चार प्रसंग लावले तर सूनबाई म्हणते, यात हसायचं कुठे? म्हणून तुम्ही विचारलंत, काय दाखवायचं आणि आवड बदलली का? प्रोजेक्टर, स्पीकर, सूत्रसंचालन वगैरे तुम्हाला कळतंच, त्यात शिरत नाही. ऑफिसबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण आमचं खरं नुकसान तिथेच झालं.

सभागृह कोणतं ते सांगणार नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत आणि मला पुढेही तारीख लागणार आहे. अर्जात ‘कार्यक्रमाचा प्रकार’ असा रकाना होता आणि त्यात छापलेले पर्याय होते: नाटक, संगीत, सभा-संमेलन, स्वागत समारंभ. आम्ही खाली जागा करून लिहिलं, ‘दृक्‌श्राव्य कार्यक्रम’. टेबलावरच्या बाबूंनी चष्मा वर केला.

“पिक्चर दाखवून राहिल्या का मॅडम?”

“नाही हो, जुन्या मालिकांमधले प्रसंग. मध्ये मध्ये आम्ही बोलणार.”

“म्हणजे टीव्ही. टीव्ही तर लोकं घरी पाहतात. हॉल कायले पाहिजे?”

मग त्यांनी लाल पेनाने आमचं ‘दृक्‌श्राव्य’ खोडलं आणि वर लिहिलं ‘नाटक?’. ते प्रश्नचिन्ह आमच्या मुळावर आलं. नाटक म्हटलं की संहितेचं प्रमाणपत्र आणा. महाराष्ट्रात नाटकाची संहिता परिनिरीक्षणाला, म्हणजे सेन्सॉरला, द्यावी लागते हे मलाही ठाऊक आहे. पण ‘आय लव्ह लुसी’ या अमेरिकन मालिकेत लुसिल बॉलने १९५२ मध्ये चॉकलेटं तोंडात कोंबली, त्याची संहिता मी कोणाकडून तपासून आणू? हे विचारलं तर म्हणे, “तसं लिहून द्या, साहेबांसमोर ठेवतो.” लिहून दिलं. साहेब रजेवर. साहेब आले तर बाबू ट्रेनिंगला. फाइल मात्र जागची हलली नाही. दरम्यान आमची जानेवारीची तारीख एका रिसेप्शनला गेली, कारण रिसेप्शनला स्वतःचा रकाना होता!

मिळाली ती एप्रिलअखेरची, दुपारी चारची. नागपूरकरांना याचा अर्थ सांगायला नको. ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं होतं, ज्यांनी या मालिका दूरदर्शनवर शेजाऱ्यांच्या घरी सतरंजीवर बसून पाहिल्या होत्या, त्या काकू त्या उन्हात घराबाहेर पडल्याच नाहीत. आणि ऐनवेळी एसी बंद म्हणून दोन्ही बाजूंना कूलर लावले. विनोदी प्रसंगात कूलरची घरघर किती घातक असते ते त्या दिवशी कळलं. वाक्य ऐकू येतं, वाक्यानंतरची शांतता ऐकू येत नाही, आणि हशा तर त्या शांततेतच पिकतो.

म्हणून माझं ऐका. अर्जात सरळ ‘सभा-संमेलन’वर खूण करा आणि तपशिलात ‘सचित्र व्याख्यान’ लिहा. खोटं काही नाही त्यात, तुम्ही बोलणारच आहात. अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तोंडी ‘होऊन जाईल मॅडम’वर विसंबू नका.

हक्कांचंही सांगते, पण मी वकील नाही, विचारूनच करा. तिकीट नसलं म्हणून मालिकेचं चित्रीकरण सभागृहात दाखवायची आपोआप मुभा मिळत नाही. हक्क ज्यांचे त्यांची परवानगी लागते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाला सवलत आहे, पण ती साहित्य, नाट्य किंवा संगीतकृती विनामूल्य प्रेक्षकांसमोर सादर करण्यापुरती. चित्रफितीला ती लागू नाही. ज्यांची परवानगी येणार नाही तो प्रसंग तुम्हीच दोघी-तिघी मिळून वाचा. आमच्याकडे सासू-सुनेचं एक भांडण दोघी जावांनी हातात कागद धरून वाचलं, आणि दिवसभरातला सगळ्यात मोठा हशा त्यालाच होता. त्या घरीही तशाच भांडतात, हा भाग वेगळा.

आता काय दाखवायचं. तुम्ही दर नायिकेला दोन मिनिटं अशी यादी केली आहे. माझं मत स्पष्ट आहे: दोन-दोन मिनिटांचे तुकडे करू नका. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला तुकडे चालतात, विनोदाला नाही. निम्म्या बायका गाळा, पण उरलेल्यांचा प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू द्या.

लुसीचंच बघा. ‘आय लव्ह लुसी’ १९५१ ला सुरू झाली. चॉकलेटच्या कारखान्याचा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो तो फक्त शेवट, तोंडात चॉकलेटं, टोपीत चॉकलेटं. त्यात जीव आहे तो आधीच्या भागात. लुसी आणि तिची मैत्रीण एथेल सरकत्या पट्ट्यासमोर उभ्या आहेत, चॉकलेटं सावकाश येताहेत, दोघी ती नीट कागदात गुंडाळताहेत, अगदी आत्मविश्वासाने. मग पट्टा जरासा वेगात. लुसीची नजर एकदा हातांकडे, एकदा पट्ट्याकडे. मग सुटलेली चॉकलेटं खायची, ब्लाऊजमध्ये टाकायची, टोपीत लपवायची. तेवढ्यात देखरेखीची बाई येते, पट्टा रिकामा बघून खूश होते आणि आणखी जोरात चालवा म्हणून ओरडते. इथे सभागृह फुटतं. पण आधीचं संथ काम पाहिलेलं असेल तरच. भाषेची अडचण शून्य. आमच्याकडे स्वयंपाकाची मदतनीस मावशी दारात उभी राहून पाहत होती, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

याच मालिकेची एक माहिती मध्ये बोलायला घ्या, बायका कान टवकारतात. लुसिल बॉल खरोखरच गरोदर होती आणि ते कथेत घेतलं, पण ‘प्रेग्नंट’ शब्द उच्चारायला बंदी होती. १९ जानेवारी १९५३ ला मालिकेत लुसीला मुलगा झाला आणि त्याच दिवशी लुसिल बॉललाही. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी होता, त्याला लुसीपेक्षा कमी प्रेक्षक मिळाले. शिवाय चित्रीकरण प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी, चांगल्या ३५ मिलिमीटर फिल्मवर केलेलं. त्यासाठी नवरा-बायकोने मानधन कमी घेतलं आणि मालिकेचे हक्क स्वतःकडे ठेवले. म्हणून तर आजही ते चित्र लख्ख दिसतं. पुढे १९६२ मध्ये नवऱ्याचा वाटा विकत घेऊन ती स्टुडिओची मालकीण झाली, आणि ‘स्टार ट्रेक’ त्याच स्टुडिओतून निघाली. पडद्यावर धांदरट दिसणारी बाई!

तरीही लुसीने सुरुवात करू नका. काळं-पांढरं चित्र दिसलं की पोरी फोन काढतात. रीमा लागू आणि सुप्रिया पिळगावकर यांच्या ‘तू तू मैं मैं’ने करा, १९९४ ची, दिग्दर्शन सचिनचं. इथे एक प्रश्न विचारा: दोघींच्या वयात अंतर किती? उत्तर आहे जेमतेम नऊ वर्षं, आणि रीमाताई सासू म्हणून शंभर टक्के पटतात. त्याला जोड म्हणून ‘गोल्डन गर्ल्स’ ही अमेरिकन मालिका (१९८५) सांगा. तिथे आईची भूमिका करणारी एस्टेल गेटी ही लेक झालेल्या बी आर्थरपेक्षा वयाने एका वर्षाने लहान होती. आमच्याकडे यावर पाच मिनिटं नुसती कुजबुज चालली होती.

प्रिया तेंडुलकर सोडूच नका. १९८५ ची ‘रजनी’, म्हणजे प्रत्येक ऑफिसात जाऊन हक्क मागणारी बाई. आणि दहा वर्षांनी तीच ‘हम पाँच’मध्ये भिंतीवरच्या फोटोत, दिवंगत पहिली बायको, फ्रेममधूनच अशोक सराफांची हजेरी घेते. हात नाही, चाल नाही, फक्त मान, डोळे आणि आवाज. एवढ्याशा चौकटीत विनोद करणं किती अवघड, ते एकदा घरी करून पाहा. (रजनीने आमच्या लाल पेनवाल्याचं काय केलं असतं, हा विचार मी आजही चवीने करते.)

सुनांसाठी ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’तली रत्ना पाठक शाह यांची माया साराभाई. मालिका २००४ ला स्टार वनवर आली, तेव्हा टीआरपी यथातथाच. पुनःप्रक्षेपण आणि इंटरनेटने ती मोठी केली. सुनेचं ‘मनीषा’ हे नाव मध्यमवर्गीय वाटतं म्हणून ‘मोनिशा’ करणारी सासू आजच्या मुलींना लगेच कळते. लगोलग ‘खिचडी’तली हंसा लावा, सुप्रिया पाठक. दोघी सख्ख्या बहिणी, दीना पाठक यांच्या मुली. एकीचा विनोद अति शहाणपणाचा, दुसरीचा अजिबात शहाणपण नसल्याचा. दोघींचेही प्रसंग अख्खे दाखवा.

आवड बदलली का, हा तुमचा दुसरा प्रश्न. बदलली, पण ‘आजकालच्या पोरींना विनोद कळत नाही’ हे काकूंचं म्हणणं मला पटत नाही. पाहण्याची पद्धत बदलली. ‘ये जो है ज़िंदगी’ १९८४ मध्ये आठवड्यातून एकदा यायची आणि दुसरं काही नसायचं. स्वरूप संपत एका बारीक गैरसमजावर अर्धा तास काढू शकायची. २००० नंतर रोजच्या मालिका आल्या, सासू विनोदी राहिली नाही, कारस्थानी झाली. मग विनोदाच्या स्पर्धा आल्या. आणि इथे माझं रक्त तापतं. ‘श्रीमान श्रीमती’तली अर्चना पूरण सिंग आठवा, नखऱ्याचं काय टायमिंग होतं. तिला आजची मुलगी ओळखते ती खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या विनोदावर हसणारी बाई म्हणून. आपल्याकडे निर्मिती सावंत, ‘कुमारी गंगूबाई नॉन मॅट्रिक’ एकटीच्या खांद्यावर पेलणारी, तिलाही ‘फू बाई फू’त परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं. मानाची जागा आहे, पैसेही मिळत असतील, त्यांना दोष नाही. पण जिने हसवायचं तिलाच हसायला बसवलं, हे मला खटकतं.

त्यात पुन्हा साडी नेसलेले पुरुष. ‘चला हवा येऊ द्या’ मीही आवडीने पाहिलं, भाऊ कदमांना मी हसलेही आहे. पण श्रेया बुगडेसारखी नकलाकार समोर असताना बाईचा विनोद म्हटलं की पुरुषालाच पदर का द्यायचा? हे माझं वैयक्तिक मत, मंडळात यावर भांडणं झाली आहेत, तुमच्याकडेही होतील. त्या मानाने ‘हास्यजत्रे’ने विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांना खरंच मैदान दिलं. नम्रताचं एखादं प्रहसन शेवटी ठेवा, तरुण मंडळी तोपर्यंत बसून राहतात.

मराठीतलं एकच निवडायचं तर मी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधल्या शुभांगी गोखले निवडीन. सून, आई, गृहिणी, सगळं करता करता विनोद. तिथे विनोद असा वेगळा काढून दाखवता येत नाही, म्हणून त्याचा तर तुकडा करूच नका, सबंध भाग लावा. ‘वागले की दुनिया’तल्या भारती आचरेकरही घ्या असं कोणी म्हणेल. १९८८ च्या घ्या. २०२१ च्या नव्या मालिकेत त्याच सासू म्हणून आहेत आणि छान आहेत, पण तिथे जवळपास प्रत्येक भागात काहीतरी शिकवण असते, आणि तुमच्या मंडळात शिकवणाऱ्या बायका आधीच पुष्कळ असतील.

दोन-तीन बारीक गोष्टी राहिल्या. हिंदीला उपशीर्षकं नकोत, नागपुरात गरज नाही. इंग्रजीला मात्र आधी मराठीतून दोन वाक्यांत प्रसंग सांगा, शेवट सांगू नका. आवाज कमी वाटला तरी मालिकेतला हशा बंद करायच्या फंदात पडू नका, कलाकार त्या हशासाठी थांबलेले असतात, तो काढला की ते उगाचच गप्प उभे दिसतात. तारीख फेब्रुवारीच्या पुढे जाऊ देऊ नका, गेलीच तर संध्याकाळी सातची मागा. आणि तर्री-पोहे कार्यक्रम संपल्यावर ठेवा. आम्ही मध्यंतरात ठेवले, तर अर्ध्या बायका माया साराभाई सोडून बाहेर तर्रीच्या रांगेत उभ्या होत्या.